पोकळ वासा, पण कामाचा

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावून सांगितलं आहे की, "वीस मिनिटं बोल, तुझ्या कामाबद्दल बोल, पण कोडिंगबद्दल बोलू नकोस, लोक जेवणाच्या मांडवाकडे बघायला लागतील." म्हणून कोडिंग आज घरी ठेवून आले आहे. मी बोलणार आहे केबलबद्दल. तेही केबलमधल्या तांब्याबद्दल नाही, तांब्याभोवतीच्या वेष्टनाबद्दल, आणि त्या वेष्टनात मुद्दाम भरलेल्या पोकळीबद्दल.

'बडा घर पोकळ वासा' या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. मराठीत पोकळ या शब्दाबद्दल कुणी बरं बोलत नाही. पोकळ धमकी, पोकळ डौल, पोकळ आश्वासन. पण माझं ज्या कारखान्यांमध्ये जाणं-येणं असतं, तिथे पोकळ वस्तू तोलूनमापून, चांगली किंमत मोजून विकत घेतात आणि ती फुटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपतात. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं, पण पोट भरते सॉफ्टवेअरवर. केबल तयार करणाऱ्या यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यामुळे ही पोकळी माझ्या वाट्याला आली.

आधी मूळ अडचण सांगते. तारेवर वेष्टन कशासाठी, तर शॉक लागू नये म्हणून, हे आपल्याला माहीत आहे. पण ज्या केबलमधून वीज नाही तर संदेश जातो, म्हणजे टीव्हीची, इंटरनेटची, संगणकांना जोडणारी केबल, तिथे वेष्टनाला आणखी एक काम असतं. दोन धातू आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक म्हटलं की आपल्या बाईंनी शिकवलेला कपॅसिटर आठवा. संपूर्ण केबल हा एक लांबच लांब कपॅसिटर असतो. प्रत्येक संदेशाला तो भरावा लागतो आणि रिकामा करावा लागतो. मधला पदार्थ जितका जास्त विद्युतभार साठवू देईल, तितका संदेश रेंगाळतो.

या साठवणुकीच्या गुणाला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट म्हणतात. आज आपण त्याला नुसतं 'आकडा' म्हणू. निर्वात पोकळीचा आकडा १, हवेचा जवळजवळ १. पॉलिथीनचा सुमारे सव्वादोन. पीव्हीसीचा ३ च्या वर. काचेचा ५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. आपल्या दप्तरातली एक फूटपट्टी. भरीव पॉलिथीनच्या केबलमध्ये संदेश त्याच वेळात २० सेंटिमीटरच जातो. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ३० ला त्याने भागा, उत्तर येतं. वर्गमूळ आयुष्यात कुठे उपयोगी पडणार, असं मागच्या बाकावरून विचारणाऱ्यांसाठी हे खास सांगितलं.

या रेंगाळण्याचा पहिला मोठा फटका बसला १८५८ मध्ये. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकली होती. वेष्टन होतं गटापर्चाचं, म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकाचं. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सुमारे १६ तास लागले. असं होणार हे विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, आधीच गणिताने मांडलं होतं: इतक्या लांबीची केबल भरायला वेळ लागणारच, घाई करू नका. पण तिथल्या मुख्य विद्युततज्ज्ञाने व्होल्टेज वाढवून घाई केली आणि काही आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली. त्यातून शहाणपण आलं, आणि १८७० मध्ये आपली मुंबईसुद्धा एडन, सुएझमार्गे लंडनशी समुद्री तारेने जोडली गेली.

पुढे १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलसाठी ते अनमोल ठरलं. तेव्हापासून आजपर्यंत संदेशाच्या केबलमध्ये पॉलिथीन ठाण मांडून आहे. प्रश्न उरला तो सव्वादोनवरून खाली कसं यायचं हा. सगळ्यांत चांगला विद्युतरोधक हवा आहे, आणि ती फुकट आहे. पण हवा तारेला धरून ठेवू शकत नाही. तार मधोमध राहिली पाहिजे, केबल वाकवली तरी, पायाखाली आली तरी. म्हणजे हवा हवी, आणि तिला घर हवं.

याची दोन उत्तरं आहेत. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. एक उत्तर ढोकळ्याचं आणि दुसरं राजगिऱ्याच्या लाडवाचं.

ढोकळ्याचं उत्तर असं: वितळलेल्या पॉलिथीनमध्ये दाबाखाली नायट्रोजनसारखा वायू सोडायचा. माल यंत्राच्या तोंडातून बाहेर पडला, दाब उतरला, की तो जाळीदार फुलतो. घरी टीव्हीची केबल सोलून बघा. आत पांढरं, नखाने दाबलं तर दबणारं वेष्टन दिसेल, ते हेच. आकडा दीडच्या आसपास येतो, संदेश नॅनोसेकंदाला साडेचोवीस सेंटिमीटर धावतो. वायू स्वस्त, काम छान. टीव्हीची बरीच केबल याच पद्धतीने बनते. पण ढोकळ्याचे दोषही त्यात येतात. जाळी कुठे बारीक, कुठे मोठी. दोन बुडबुडे एकमेकांत मिसळले की पाण्याला वाट मिळते. आणि जोरात दाबलं की बसतो, परत वर येत नाही.

राजगिऱ्याच्या लाडवाचं उत्तर वेगळं. इथे पोकळी आधी तयार असते. प्रत्येक लाही आपापल्या सालीत फुललेली आणि गुळाचा पाक फक्त त्यांना एकत्र धरतो. तसं काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे आधी बनवायचे आणि ते वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे. अशा पदार्थाला सिंटॅक्टिक फोम म्हणतात. सिंटॅक्टिक म्हणजे नीट रचलेला. हे नाव १९५५ मध्ये बेकलाइट कंपनीने दिलं.

हे गोळे किती लहान असतात? एका नेहमीच्या गोळ्याचा व्यास धरा ४० मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा बारीक. त्याची भिंत १ मायक्रॉन जाडीची. हातात घेतलं तर मैदा वाटतो, पण डबा उचलला की रिकामा असल्यासारखा हलका लागतो. गणित करा: अशा गोळ्यात काच फक्त १४ टक्के भरते, बाकी ८६ टक्के जागा वायूची. काच पाण्याच्या अडीच पट जड, तरी हा गोळा पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा जास्त. आता निम्मं पॉलिथीन आणि निम्मे गोळे, आकारमानाने, असं मिश्रण घ्या. एक लिटर पॉलिथीन ९२० ग्रॅमचं असतं, या मिश्रणाचं लिटर ६४० ग्रॅमच्या आसपास भरतं. आकडा सव्वादोनवरून पावणेदोनच्या जवळ येतो. शिवाय आकडा उतरला की तेवढ्याच गुणाची केबल कमी जाडीच्या वेष्टनात बनते. म्हणजे वजन दोनदा कमी होतं. एअरबस ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते, असं म्हटलं की वेष्टनातल्या ग्रॅमची किंमत लक्षात येते.

तुमच्या लक्षात आलं असेल, हा आकडा ढोकळ्याच्या दीडपेक्षा जास्तच आहे. मग लाडू कशाला? कारण प्रत्येक पोकळीला स्वतःची भिंत आहे. एक फुटली तरी शेजारची शाबूत राहते. पाणी एकीतून दुसरीत शिरत नाही. आणि गोल आकार दाब पेलतो. काही जातींचे काचगोळे वातावरणाच्या हजार पट दाब सोसतात. समुद्रात ६ किलोमीटर खोल गेलं की दाब सुमारे ६०० पट होतो. तिथे वायूने फुगवलेला फोम चेपून चपाती होईल. सिंटॅक्टिक फोम तसाच्या तसा राहतो. २०१२ मध्ये जेम्स कॅमेरॉन, हो, 'टायटॅनिक' सिनेमावाले, एकटे मरियाना गर्तेच्या तळाशी जवळपास ११ किलोमीटर खोल गेले, तेव्हा त्यांच्या पाणबुडीचा बराचसा भाग याच जातीच्या फोमचा होता. १९६० मध्ये तिथे पहिल्यांदा गेलेल्या 'त्रिएस्त'ला तरंगण्यासाठी पेट्रोलची अवाढव्य टाकी घेऊन जावं लागलं होतं. समुद्राखाली काम करणाऱ्या यंत्रमानवांच्या केबललाही असंच वेष्टन कामी येतं. केबल बुडाली तर यंत्राला खाली ओढते, तरंगली तर वर ओढते. गोळ्यांचं प्रमाण नेमकं जमवलं की ती पाण्यात अधांतरी राहते.

आणखी एक नात्यातली जात आहे, प्लॅस्टिकच्या सालीचे गोळे. आत थोडासा द्रव हायड्रोकार्बन भरलेला. गरम केलं की साल मऊ पडते, आतल्या द्रवाची वाफ होते आणि गोळा फुगतो, आकारमान चाळीस पटींहून जास्त होऊ शकतं. ज्वारीची लाही तव्यावर फुटते तेच शास्त्र. फरक इतकाच की लाही फुटते, हा गोळा फुगून अखंड राहतो.

आणि तिसरी जात तर आपल्या विदर्भात रोज तयार होते, कुणी न मागता. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळतो. राखेतले काही कण वितळतात, आत वायू अडकतो आणि पोकळ गोळे होऊन थिजतात. राखेच्या तळ्यात बाकी राख तळाशी बसते आणि हे गोळे साय धरल्यासारखे वर तरंगतात. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. भिंत जाड, त्यात लोहाचे अंश, म्हणून संदेशाच्या नाजूक केबलला ते चालत नाहीत. पण हलकं काँक्रीट, रंग, भरणीचे पदार्थ यांत त्यांना मागणी असते.

आता कारखान्यात चला. केबलचं यंत्र म्हणजे मोठा सोऱ्या. आपण चकली पाडतो तसा, फक्त हात दाबायच्या जागी एक भला मोठा स्क्रू फिरतो. एका बाजूने प्लॅस्टिकचे दाणे आत जातात, स्क्रूच्या घर्षणाने आणि उष्णतेने वितळतात आणि पुढच्या तोंडातून, मधून धावणाऱ्या तांब्याच्या तारेवर चढतात. लगेच पाण्याच्या नळीत थंड होतात. गोळे दाण्यांबरोबर सुरुवातीलाच टाकले तर स्क्रू त्यांचा भुगा करेल. म्हणून ते मध्येच, माल वितळल्यावर, बाजूच्या तोंडातून सोडतात. पाक तयार झाल्यावर लाह्या घालून हलक्या हाताने ढवळायचं, हे आपल्या आयांना माहीत होतं.

फुटलेला गोळा हा नुसता वाया गेलेला गोळा नसतो. तो उलटा त्रास देतो. पोकळी गेली आणि मागे उरली काच, जिचा आकडा पॉलिथीनच्या दुपटीहून जास्त आणि वजन पावणेतीन पट. मघाच्या मिश्रणातले सगळे गोळे फुटले असं धरा. लिटरचं वजन ६४० ग्रॅमवरून १,१०० ग्रॅमच्या पुढे जातं, नुसत्या पॉलिथीनपेक्षाही जड. म्हणजे पैसे मोजून माल बिघडवल्यासारखं.

एका कारखान्यात हे मी जवळून बघितलं. आमचं सॉफ्टवेअर दर क्षणी केबलची जाडी आणि कपॅसिटन्स मोजत होतं. कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत सगळे आकडे बसत होते, पडद्यावर सगळं हिरवं. लाइनवर एक जुने ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांच्या टेबलावर कायम पाण्याने भरलेला एक काचेचा ग्लास असायचा. मला आधी वाटलं, पिण्यासाठी. ते दर तासाला वेष्टनाचा एक तुकडा कापायचे, उभा चिरून तांबं काढून टाकायचे आणि ग्लासात सोडायचे. चांगल्या मालाचा तुकडा एक तृतीयांश पाण्याबाहेर राहतो. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, तुमचा आकडा बरोबर असेल, पण माल बसतोय." तुकडा तरंगत होता, पण पाण्याला लागून, जेमतेम.

मग आम्ही नोंदी उलगडल्या. कपॅसिटन्स मर्यादेच्या आतच, पण तीन दिवस सतत एकाच दिशेने वर सरकत होता. कारण मामांनीच शोधलं. वाया गेलेल्या केबलचं वेष्टन दळून ते नव्या मालात मिसळलं जात होतं. साध्या प्लॅस्टिकला ते चालून जातं. पण गोळे घातलेला माल दुसऱ्यांदा स्क्रूमधून गेला की वाचलेले गोळेही फुटतात. मिसळणं थांबवलं, माल सुधारला. त्या दोन-तीन दिवसांतली केबल गिऱ्हाइकाकडे जायच्या आत बाजूला काढली गेली. तेव्हापासून आमचं सॉफ्टवेअर मर्यादेबरोबर आकड्याचा कलही बघतं, आणि मी कुठल्याही नव्या कारखान्यात गेले की आधी विचारते, इथे पाण्याचा ग्लास कुणाच्या टेबलावर आहे?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोकळीची भाटच झाली. पोकळी सगळीकडे चालत नाही. हवेत ठिणगी पडायला, अंतर कितीही कमी असलं तरी, साधारण ३३० व्होल्ट तरी लागतात. फ्रिड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८८९ मधल्या नियमातून हे निघतं. संदेशाची केबल काही व्होल्टवर चालते, तिथे गोळ्यात ठिणगी पडणं शक्यच नाही. पण लाख-दोन लाख व्होल्ट वाहणाऱ्या केबलमध्ये एखादा नको असलेला बुडबुडा राहिला, तर त्यात बारीक ठिणग्या पडत राहतात, आतून प्लॅस्टिक जळत जातं, झाडासारख्या फांद्या फुटतात आणि एक दिवस केबल फुटते. म्हणून तिथे बुडबुडा नाही ना, याची कसून परीक्षा होते. म्हणजे 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण त्या केबलला तंतोतंत लागू. वासा कुठल्या घराला लावायचा आहे, त्यावर सगळं अवलंबून.

आता मी हे सगळं का सांगितलं, त्याकडे येते. आज दुपारी आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, हे ठरणार आहे. जुनी विज्ञान प्रयोगशाळा काढून त्या खोलीत संगणक कक्ष करावा, असा एक प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मी सॉफ्टवेअरवाली म्हणून माझं मत संगणकाच्या बाजूने अनेकांनी गृहीत धरलं असेल. माझं मत उलट आहे. संगणक जरूर द्यावेत, पण प्रयोगशाळेच्या जागेवर नकोत. आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर ते प्रयोगशाळेला द्यावेत.

कारण सरळ आहे. पडद्यावरचा आकडा कुठून तरी येतो. तो तांब्यातून, काचेतून, प्लॅस्टिकमधून येतो. ते हातात घेऊन बघितलेलं नसेल, तर आकडा हिरवा असतानाही माल बसतोय हे कळत नाही. आजच्या मुलांच्या हातात पडदा आहेच. पाण्याचा ग्लास मात्र कुणी ठेवलेला नाही. बाईंनी कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवला होता, तेव्हा पुस्तकातल्या रेषा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. ती जागा आपण काढून टाकू नये.

आज मी बोलले त्यातले निदान दोन प्रयोग शाळेत करता येतील. पहिला: अॅल्युमिनियम फॉइलचे २० सेंटिमीटरचे दोन चौकोन पुठ्ठ्यावर ताणून चिकटवायचे, कोपऱ्यांना बारीक टेकू देऊन मध्ये एक मिलिमीटर अंतर ठेवायचं. कपॅसिटन्स मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरवर साडेतीनशे पिकोफॅरडच्या आसपास येईल. मग टेकू काढून तेवढ्याच जाडीचा पॉलिथीनचा पत्रा मध्ये घट्ट सरकवायचा. आकडा दुपटीच्या पुढे उडी मारेल. दुसरा: वीजकेंद्राची राख, जी विटा आणि सिमेंटवाले वापरतात, ती चमचाभर पाण्यात ढवळायची आणि थांबायचं. बहुतेक राख खाली बसेल, वर एक पातळ करडा थर तरंगेल. तो भिंगाखाली ठेवला की एकेक गोळा दिसेल. सातवीच्या मुलीलाही कळेल की पोकळ म्हणजे कमी प्रतीचं असं नसतं.

मोजमापाची उपकरणं मी माझ्याकडून देईन. आणि महिन्यातून एक शनिवार येऊन मुलांबरोबर प्रयोग करायची माझी तयारी आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, फाउंड्रीवाले आहेत, बँकेतले आहेत. प्रत्येकाच्या धंद्यात एक पाण्याचा ग्लास असतोच. तो वर्षातून एकदा तरी शाळेत घेऊन या, एवढीच विनंती.

सर, बाई, तुम्ही ऐकून घेतलंत, आणि मध्ये कुणालाही बाकावर उभं केलं नाहीत, त्याबद्दल आभार. जेवणाचा वास यायला लागला आहे, म्हणून थांबते.